डबल बेल कोण देणार?

प्रिय ताई,

मी कोल्हापुरात मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्हाला सहा जणांच्या गटाने १२ मिनिटांची फिल्म करायची असते. आमच्या गटात दिग्दर्शन माझ्याकडे आलं. गोष्टही माझीच. एक निवृत्त एसटी कंडक्टर अजून पहाटे चारला उठतो, अंघोळ करून तयार होतो आणि मग कुठेच जात नाही. घरात एक शाळकरी नात. आजोबांचं काम करणारे काका ६८ वर्षांचे आहेत, निवृत्त शिक्षक, राज्य नाट्य स्पर्धेत बरीच वर्षं काम केलेले.

मागच्या शनिवार-रविवारी शूटिंग होतं. ४६ शॉट्स ठरवले होते, १७ झाले. शनिवारी सहाचा कॉल होता, म्हणजे सगळ्यांनी सहाला पोचायचं होतं, पण पहिला शॉट नऊ चाळीसला लागला, कारण कॅमेरा करणाऱ्या मित्राला भिंतीवरच्या घड्याळाच्या शॉटचं लायटिंग पटेना. तोवर शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली. साउंडवाला म्हणाला, यातलं काही वापरता येणार नाही. साडेसहापर्यंत नऊ शॉट्स झाले. जेवण साडेतीनला आलं, आणि काकांना शुगर आहे हे मला तेव्हा कळलं. रविवारी एका तालुक्याच्या स्टँडवर आठ शॉट्स झाले आणि सुरक्षारक्षकाने परवानगीचं पत्र मागितलं. ते आमच्याकडे नव्हतं. परवानग्या, जेवण, प्रॉप्स, क्लॅप, कंटिन्युइटी (म्हणजे एका शॉटची दुसऱ्याशी जुळणी) हे सगळं माझी जवळची मैत्रीण बघत होती. मी तिला सगळ्यांसमोर बोलले. रात्री ती ग्रुपमधून बाहेर पडली, आता फोन घेत नाही. एडिटिंग करणारा तर सेटवर आलाच नाही. एक ज्युनिअर मुलगा मदतीला होता, तो नुसता उभा.

कॉलेजचा कॅमेरा आणि लाइट्स आता फक्त पुढच्या आठवड्यातले शनिवार-रविवार मिळणार आहेत. त्यानंतर नऊ दिवसांनी फिल्म जमा करायची आहे. सर म्हणतात, दिग्दर्शकाचा वचक पाहिजे. मी फार मऊ आहे का? मला ओरडता यायला हवं का? माझ्या डोक्यात फिल्म पूर्ण दिसते. शेवटी आजोबा जुनी तिकिटांची पेटी काढतात आणि नातीला एक तिकीट पंच करून देतात. माझ्या मते त्या क्षणी ते खरे रिटायर होतात. तेवढं जरी नीट मिळालं तरी मला चालेल.

उरलेल्या शॉट्सची यादी सोबत जोडली आहे.

– अर्धवट पॅकअप, कोल्हापूर

प्रिय अर्धवट पॅकअप,

सदराची पाळी येईपर्यंत तुझं शूटिंग उरकून गेलं असतं, म्हणून हे उत्तर तुला आधीच पाठवलं होतं. तुझ्या परवानगीने आता इथे छापते आहे. दर वर्षी या दिवसांत अशी तीन-चार पत्रं येतातच.

ओरडू नकोस. सरांशी वाद घालू नकोस आणि त्यांचं हे ऐकूही नकोस. मी अठरा वर्षं सेटवर सहायक म्हणून काढली आहेत आणि ओरडणारे दिग्दर्शक भरपूर पाहिलेत. त्यांच्या सेटवर काम लवकर होतं असं मला कधी दिसलं नाही. एक मात्र नक्की होतं: चुका सांगणं बंद होतं. टेकमध्ये फोकस गेला तरी कॅमेऱ्याजवळचा मुलगा गप्प बसतो, माइकवर ओढणी घासली तरी साउंडवाला गप्प बसतो, आणि हे सगळं तुम्हाला एडिटिंग टेबलवर कळतं. तोवर काका घरी गेलेले असतात.

तू मऊ आहेस की कडक हे मला पत्रावरून कळत नाही. दुसरीच एक गोष्ट कळली. पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं, तू लिहिलंयस की आजोबा नातीला तिकीट पंच करून देतात तेव्हा ते खरे रिटायर होतात. वाचून मी खुर्चीत सरळ बसले. चांगली फिल्म आहे ही. आता खरं सांग, हे वाक्य तुझ्या कॅमेरामनने ऐकलंय का? साउंडवाल्याने? की पहिल्यांदा ते मलाच सांगितलंस, जिला तू कधी भेटलेली नाहीस?

तुझ्या कॅमेरामनला घड्याळाच्या शॉटसाठी साडेतीन तास का लागले असतील? त्याच्या हातात ४६ शॉट्सची यादी होती आणि त्या यादीत सगळे शॉट्स सारख्या अक्षरात छापलेले होते. घड्याळ आणि पंच त्याला एकाच तोलाचे वाटले. पहिला शॉट आहे, तर जीव ओतू या, एवढंच त्याच्या मनात असणार. यात आळस कुठे आहे? उलट उत्साह आहे. फिल्मचं काळीज कुठे आहे हे ठाऊक असतं तर त्याने घड्याळ दहा मिनिटांत उरकलं असतं आणि उरलेला सगळा जीव पंचासाठी राखून ठेवला असता. तुझ्या डोक्यात फिल्म पूर्ण दिसते ना, अडचण तिथेच आहे. ती फक्त तुलाच दिसते, म्हणून बाकीचे पाच जण तू सांगशील तेव्हा सांगशील ते उचलून देणारे हमाल झालेत.

आता मैत्रिणीबद्दल. तू लिहिलंयस की 'हे सगळं' ती बघत होती. मोज: परवानग्या, जेवण, प्रॉप्स, क्लॅप, कंटिन्युइटी. पाच कामं. मराठी मालिकेच्या सेटवर यासाठी पाचाहून जास्त माणसं असतात आणि तरी जेवणाला उशीर होतो. क्लॅप देणाऱ्या माणसाला कॅमेऱ्यापासून हलता येत नाही, कंटिन्युइटी बघणाऱ्याला नटावरून नजर हलवता येत नाही, आणि जेवण आणणाऱ्याला सेटवर थांबताच येत नाही. या तीन कामांसाठी एक माणूस ठरवला तेव्हाच साडेतीनचं जेवण ठरलं होतं. स्टँडचं पत्र राहिलं यात तिचा वाटा आहेच, मान्य. पण पत्र हातात आहे का हे शुक्रवारी रात्री तू तिला विचारलं होतंस? विचारलं असतंस तर तसं पत्रात नक्की लिहिलं असतंस.

तिला मेसेज करू नकोस, फोनही नको. घरी जा. आईच्या हातचं काहीतरी घेऊन जा, कोल्हापुरात रिकाम्या हाताने कुणी जात नाही. 'माझं चुकलं, पण मी टेन्शनमध्ये होते' असं म्हणू नकोस. त्या 'पण'ने सगळी माफी पुसली जाते. 'मी तुझ्यावर पाच माणसांचं काम टाकलं आणि चारचौघांत तुला बोलले' एवढं म्हण आणि थांब. फिल्मचा विषय तिने काढला तरच काढ. ती परत आली नाही तर नाही, तो तिचा हक्क आहे. आणि आली, तर मागचीच कामं तिच्या गळ्यात घालू नकोस. एकच दे. कोणतं, ते सांगते.

तुझी गोष्ट कंडक्टरची आहे म्हणून सोपं जाईल. एसटी कोण चालवतं? ड्रायव्हर. पण गाडी स्टँडवरून हलते कधी? कंडक्टरने दोरी ओढून डबल बेल दिली की. स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला मागे म्हातारी चढतेय की उतरतेय हे दिसत नाही. ते बघायचं काम दुसऱ्याचं, आणि त्या दुसऱ्याच्या घंटीशिवाय ड्रायव्हर गिअर टाकत नाही. सेटवर पहिला सहायक दिग्दर्शक म्हणजे हा कंडक्टर. त्याच्या हातात घड्याळ असतं. 'या शॉटची बारा मिनिटं उरलीत' हे त्याने म्हणायचं, आणि दिग्दर्शकाने त्यावर चिडायचं नाही. शॉट चांगला झाला की नाही हे तू ठरवायचंस, पुढच्या शॉटला कधी निघायचं हे ती ठरवेल. तुझी मैत्रीण पाच आघाड्यांवर दोन दिवस टिकली. मला तर ती पहिली सहायक म्हणून आत्ताच पसंत आहे.

बाकीची कामं वाटून टाक. एडिटिंग करणाऱ्याला सेटवर बोलाव. विनंती करू नकोस, ते त्याचं कामच आहे. कंटिन्युइटी त्याच्याकडे दे, कारण कप डाव्या हातात होता की उजव्या याचा त्रास पुढे त्यालाच होणार आहे. कॅमेऱ्याचं कार्ड भरलं की दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी करायची, दोन्हीकडच्या क्लिप्स उघडून बघायच्या, मगच कार्ड फॉरमॅट करायचं, हेही त्याच्याकडेच. क्लॅप साउंडवाल्याजवळ उभा राहून ज्युनिअर देईल. त्याला आजच सांग की शॉट नंबर आणि टेक नंबर मोठ्याने बोलायचा असतो. तो नुसता उभा होता, कारण त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. जेवणासाठी गटाबाहेरचं कुणीतरी बघ, भाऊ, चुलत बहीण, कुणीही. दीडला जेवण म्हणजे दीडला. काकांसाठी दर दोन तासांनी काहीतरी खायला.

तुझ्याच गावचं उदाहरण देते. १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली तेव्हा भागीदार पाच होते. व्ही. शांतारामांकडे दिग्दर्शन, धायबरांकडे कॅमेरा, फत्तेलालांकडे कला विभाग, बोलपट आल्यावर ध्वनी दामल्यांकडे, आणि सीतारामपंत कुलकर्णी हे सराफ, म्हणजे पैशांची बाजू त्यांची. कुलकर्णी सोडले तर बाकी चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत हाताने काम करून तयार झालेले. कुठलं खातं कुणाचं, हे स्पष्ट होतं. पुढे फाटाफूट झाली, शांताराम १९४२ मध्ये बाहेर पडले, तो भाग निराळा. पण त्याआधीच्या तेरा वर्षांत त्यांनी काय उभं केलं बघ. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला गेली, आणि त्या स्टुडिओच्या जागेवर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, जिथे शिकायचं स्वप्न तुझ्या वर्गातले निम्मे तरी बघत असतील.

आता हिशोब. मला तो भारी आवडतो, तुला आवडणार नाही.

शनिवारी तुमचा पहिला शॉट नऊ चाळीसला लागला आणि साडेसहाला तुम्ही थांबलात. जेवणाचा तास वजा कर: ४७० मिनिटं, नऊ शॉट्स. म्हणजे एका शॉटला ५२ मिनिटं. तुमच्या गटाचा खरा वेग हा आहे. याची लाज वाटायचं कारण नाही, पहिल्यांदा करणाऱ्यांचा असाच असतो. पण ४६ शॉट्सचा बेत ज्या वेगावर आखला होता तो कुठून आला होता? बहुतेक उमेदीवर.

पुढचे दोन दिवस धर. शनिवारी मांडामांड, नाश्ता, जेवण, आवराआवर सोडून साडेआठ तास हाताला लागतील. रविवारी बाहेर जायचं आहे, प्रवास धरून सात. एकूण ९३० मिनिटं. ५२ ने भाग, १८ येतात. तुझ्या यादीत २९ उरलेत. ११ शॉट्स तुला आज, घरी बसून, चहा पिता पिता कापता येतील, किंवा रविवारी संध्याकाळी उजेड गेल्यावर ते आपोआप कापले जातील. दुसऱ्या प्रकारात कुठले जातील हे तू ठरवत नाहीस. आणि शेवटचा सीन शेवटी घ्यायचा असला तर जाणार तो पंचच.

तालमी केल्या तर तुम्ही ५२ वरून ४० मिनिटांवर याल, मला खात्री आहे. पण त्या वाचलेल्या वेळात आणखी शॉट्स धरू नकोस. तो पाहुण्यांसाठी डब्यात ठेवलेल्या लाडवांसारखा असू दे.

तुझी यादी घेऊन बसले. स्वयंपाकघरातल्या सीनचे ११ शॉट्स आहेत: एक मास्टर (सगळा सीन एकत्र दिसतो तो), दोघांच्या खांद्यांवरून दोन, दोघांचे क्लोज दोन, मग गॅस, कप, घड्याळ, पंच, दाराकडे जाणारे पाय आणि खिडकी. खांद्यावरचे दोन्ही काढ. ते चांगले असतात, पण मास्टर आणि क्लोज असताना त्यांच्यावाचून अडत नाही. गॅस, घड्याळ, खिडकी काढ. घड्याळ तर झालंय की, साडेतीन तास! उरले सहा. त्यातले कप आणि पाय काका गेल्यावरही घेता येतील. पंचाच्या शॉटला हात मात्र काकांचेच हवेत, दुसऱ्या कुणाचे चालणार नाहीत. ते हात खोटे असले तर सगळी फिल्म खोटी.

पहाटे उठण्याच्या सीनचे सहा आहेत, त्यातले तयार होण्याचे तीन एकाच न हलणाऱ्या शॉटमध्ये बसतील. काकांना शर्टाची बटणं लावू दे सावकाश. रंगभूमीवरचा माणूस आहे तो, त्याला वेळ दिलास तर तो भरून काढेल. चार झाले. आणि हा सीन पहाटे करू नकोस. या दिवसांत कोल्हापूरला सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि त्याआधीचा निळसर उजेड जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं टिकतो. तुमच्या वेगाने त्यात अर्धा शॉट होईल. वर ६८ वर्षांच्या माणसाला चारला उठवायचं. खिडक्यांना बाहेरून जाड काळं कापड लावा, खोलीत एकच पिवळा दिवा ठेवा, आणि भर दुपारी पहाट करा.

स्टँडचे बारा उरलेत. परवानगी हवी असेल तर कॉलेजचं पत्र घेऊन उद्या सकाळी आगारात जा. पण पत्र वेळेत मिळेल या भरवशावर बसू नकोस, आत्ताच दुसरा रस्ता तयार ठेव. माझा सल्ला विचारशील तर मला दुसरा रस्ताच जास्त आवडतो. एखाद्या गावाच्या फाट्यावरचा 'विनंती थांबा' शोध. निवृत्त कंडक्टर गर्दीच्या स्टँडवर उभा आहे यापेक्षा तो फाट्यावर उभा आहे, गाडी येते, तो हात करत नाही आणि गाडी निघून जाते, हे तुझ्या गोष्टीच्या जास्त जवळ नाही का? स्टँडचे झालेले आठ शॉट्स त्याच्या आठवणीत वापरता येतात का, हे एडिटिंगवाल्याला विचार. फाट्यावरचं सगळं आठ शॉट्समध्ये होईल. तिथल्या गाड्यांच्या वेळा आधी लिहून आण. दोन तासांत चार गाड्या जात असतील तर तुला चार टेक मिळाले, पाचवा नाही. आदल्या आठवड्यात ग्रामपंचायतीत आणि पोलीस पाटलांना कॉलेजचं पत्र दाखवून ये. गावात सांगून गेलं की खुर्च्या मिळतात, न सांगता गेलं की प्रश्न.

सहा, चार, आठ. झाले अठरा.

गिरणीचं काय करायचं? लोकेशन बघायला तुम्ही कधी गेला होतात? मी पैज लावते, रविवारी संध्याकाळी. तेव्हा गिरणी बंद असते. रेकी नेहमी ज्या वारी, ज्या वेळी शूटिंग असेल त्याच वारी, त्याच वेळी करायची आणि साउंडवाल्याला बरोबर न्यायचं. कॅमेरावाला नसला तरी चालेल, हे वाक्य कुठल्या कॅमेरामनला वाचून दाखवू नकोस. साउंडवाल्याने त्या खोलीत दोन मिनिटं डोळे मिटून बसायचं आणि जे ऐकू येईल ते लिहायचं: पंखा, फ्रिज, कुकर, शेजारचा टीव्ही, कुत्रं. या शनिवारी जा. गिरणीवाल्या काकांना भेटा आणि दुपारी किती वाजता बंद ठेवता ते विचारा. चहा तुमच्याकडून. त्यांनी वेळ सांगितली की तुझ्या दिवसाचा आराखडा जवळपास तयार होतो: गिरणी चालू असेल तेव्हा अंघोळ, बटणं, पाय, कप, गिरणी बंद असेल तेव्हा स्वयंपाकघरातलं बोलणं. ज्या शॉटमध्ये कुणी बोलत नाही तिथे गिरणीचा त्रासच नाही, पावलांचे आणि लोट्याचे आवाज रात्री वेगळे घेता येतात. फ्रिज बंद केलात तर साउंडवाल्याने आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. ही जुनी युक्ती आहे. किल्ली घेतल्याशिवाय घरी जाता येत नाही, आणि ती घेताना फ्रिज चालू करायची आठवण होते, मालकिणीचं दूध नासत नाही. निघण्याआधी सगळ्यांनी एक मिनिट पुतळ्यासारखं उभं राहून खोलीची शांतता रेकॉर्ड करायची. त्या मिनिटात कुणीतरी हसतंच. मग पुन्हा घ्यायची.

हे सगळं व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठरवू नका. तिथे शुभ सकाळच्या फुलांखाली कॉल टाइम गाडला जातो. आदल्या रात्री आठच्या आत एका पानाची कॉलशीट सगळ्यांना जाऊ दे: कुणी किती वाजता पोचायचं, शॉट्स कुठल्या क्रमाने, प्रत्येकाला किती मिनिटं, कुठल्या शॉटला कुठली वस्तू लागणार, जेवण किती वाजता, जवळचा दवाखाना कुठला, आणि पत्ता. पत्ता पूर्ण लिहायचा. हे मी सांगतेय कारण माझ्या पहिल्याच फिल्मच्या वेळी मी कॉलशीटवर नुसतं 'वडगाव' लिहिलं होतं. युनिट गेलं वडगाव बुद्रुकला आणि जनरेटरची गाडी वडगाव मावळला. अडीच तास ऐंशी माणसं वडाच्या पारावर बसून होती. मला कुणी ओरडलं नाही. दिग्दर्शकांनी फक्त त्या दिवशीची कॉलशीट घडी करून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, जपून ठेव. ती माझ्याकडे अजून आहे.

या सगळ्याच्या आधी, म्हणजे परवापर्यंत, सहाही जणांना एकत्र बसव. कॅन्टीनमध्ये नको, तिथे लक्ष लागत नाही. काकांनाही बोलाव. स्क्रिप्ट मोठ्याने वाचा. अकरा-बारा पानांना पाव तास पुरे. वाचून झालं की ते तिकिटाचं वाक्य बोल, जसं मला लिहिलंस तसं, आणि मग तू गप्प बस. प्रत्येकाने दोन गोष्टी सांगायच्या: मला कुठे अडेल असं वाटतं, आणि मला काय लागेल. तू फक्त लिहून घ्यायचंस. मध्ये 'नाही, माझ्या मनात असं आहे की' सुरू करायचं नाही. एखादी सूचना तुझ्या बेतापेक्षा चांगली निघाली तर घे, कुणाची ते मोठ्याने सांग. वाईट असेल तर 'विचार करते' म्हण आणि खरंच विचार कर.

नंतर कॅमेरामनला वेगळं गाठ. त्याच्यासमोर अठरा शॉट्सची यादी ठेव आणि सांग, यातले तीन तुझे. त्या तीन शॉट्सना प्रत्येकी ९० मिनिटं घे, हवं ते कर, मी घड्याळ बघणार नाही. बाकी पंधरा ४० मिनिटांत हवेत. गणित जुळतं: २७० आणि ६००, मिळून ८७०, हातात ९३०. तीन कुठले हे त्यालाच निवडू दे. वाक्य ऐकल्यावर त्यात पंच येतो की नाही बघ. नाही आला तर वाक्य त्याच्यापर्यंत पोचलेलं नाही, पुन्हा बोल.

शॉट्सची चित्रं काढलीत का? यादी पुरत नाही. बाबूराव पेंटर शूटिंगआधी पात्रं, पोशाख, हालचाली तपशिलात रेखाटून ठेवत. ते थोर चित्रकार होते, तू नसशील. काडीपैलवान काढ. माणूस फ्रेममध्ये कुठे आहे आणि कुठे बघतोय एवढं कळलं की झालं. अठरा शॉट्सना अठरा चौकोन, एका कार्डशीटवर, भिंतीला. झाला की फुली. दुपारनंतर सगळे दमतात तेव्हा त्या फुल्यांचा आधार वाटतो.

दिवसाचा पहिला शॉट सोपा ठेव, अर्ध्या तासात होईल असा. सगळ्यांचे हात चालू होतात. अवघड शॉट दुसरा किंवा तिसरा, जेवणाआधी. जेवणानंतरच्या पहिल्या तासात कुणाकडूनही अभिनयाची अपेक्षा धरू नये, काकांकडून तर नाहीच. गिरणी नेमकी तेव्हाच बंद असेल तर त्या दिवशी जेवण बाराला उरका.

तालीम मात्र आधी हवी. कोल्हापुरात तालीम म्हटलं की लोकांना लाल माती आठवते, पण काकांना विचार, त्यांना दुसरी चांगली ठाऊक असेल. स्पर्धेच्या नाटकाला महिना-दीड महिना तालीम करणाऱ्या माणसाला तू थेट कॅमेऱ्यासमोर उभं केलंस आणि जेवण साडेतीनला दिलंस. तरी ते दुसऱ्या दिवशी आले. येत्या आठवड्यात तीन संध्याकाळी त्यांच्या घरी जा, नातीचं काम करणाऱ्या मुलीला घेऊन. त्यांच्याबरोबर तासभर बस, जास्त नको.

आणि जाताना तिकिटांची पेटी आणि पंच बरोबर ने. प्रॉप म्हणून कुठल्या पिशवीत ठेवू नका, शूटिंगपर्यंत काकांकडेच राहू दे. कंडक्टर लोक बोलता बोलता पंच पेटीवर टकटक वाजवत राहायचे, आठवतंय? तुला नसेल, तुझ्या आईला विचार. ती टकटक न बघता वाजायला लागली पाहिजे. त्यांनी टीव्ही बघताना वाजवावी, फोनवर बोलताना वाजवावी, काकू वैतागेपर्यंत वाजवावी. काकू वैतागल्या की मला कळव.

– ताई